टोपी बघून सांगायचं नाव

“कुणी गावाचं नाव विचारलं, तर आधी त्याची टोपी बघायची, मग तोंड उघडायचं,” आई सांगायची. तिच्या डोळ्यांदेखत या गावाची कितीतरी बारशी झाली. मूळचं सोफियिन यार. लाल सत्ता आली, तसं क्रास्नी याकिर झालं. जर्मनांनी पाटीवर तिसरंच काही लिहिलं. ते गेले आणि पुन्हा क्रास्नी याकिर. माझ्या म्हातारपणी जुनं नाव परत मिळालं, आणि या वसंतात रशियन रणगाडे आले, तशी ती पाटी उतरली आणि पुन्हा क्रास्नी याकिर.

शेजारचा झखार परवा गावाबाहेरच्या तपासणी नाक्यावर चुकला. शिपायाच्या शिरस्त्राणाला पालाच पाला खोचलेला, खूण काही दिसेना. वर बोलला अगदी आपल्यातल्यासारखा, “कुठले हो, आजोबा?”

“सोफियिन यारचा,” झखार म्हणाला. शिपाई रशियन निघाला; झखारला शाळेच्या तळघरात कोंडलंय.

काल त्याची बायको उल्याना कुंपणाशी आली. हातात त्याच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी.

“मोत्रामावशी, मला नाक्यावरून हाकललं गं. परत दिसलीस तर तुलाही आत टाकू म्हणाले. गोळ्यांवाचून तो काही तगायचा नाही.”

“आण इकडे. मी पोचवते.”

“तू? तू तर कोंबडीशीसुद्धा खोटं बोलत नाहीस! नाव विचारलं तर?”

“तुझ्या नवऱ्याइतकी भोळी नाहीये मी.”

ती रडता रडता हसली. “शब्द दे, त्यांचंच नाव सांगशील.”

दिला.

ती गेल्यावर ध्यानात आलं. रोज स्तोत्र म्हणून झालं की देवमातेच्या तसबिरीपुढे मी म्हणते, ‘सोफियिन यारला सांभाळ.’ जिभेला तेच वळण पडलेलं. नाक्यावर बंदूक रोखली की तेच बाहेर पडणार. मग झखारही गेला आणि मीही.

आज सकाळी तसबिरीपुढे दिवा लावला आणि म्हटलं, “क्रास्नी याकिरला सांभाळ.” पुन्हा म्हटलं. मध्येच जुनं नाव निसटलं. देवमाते, हे खोटं असेल तर पाप माझ्या माथी घाल, त्या म्हाताऱ्याच्या नको. म्हणत राहिले, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. लांब कुठेतरी तोफ वाजली, काच थरथरली.

डोक्याला रुमाल बांधला. ईस्टरचा उरलेला गोड पाव पोखरून त्यात डबी बसवली.

उल्यानाच्या खिडकीत पडदा हलला. तिकडे बघितलं नाही. फाटकाची कडी आवाज न करता काढली आणि नाक्याची वाट धरली.