आरे उपटले तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मोहल्ल्याच्या राममंदिराचा लाकडी रथ वर्षातून एकदाच बाहेर निघे. रामजन्माच्या संध्याकाळी तो मंदिरापासून इंदरगंजच्या चौकापर्यंत जाई आणि परत येई. मध्ये देव, बाजूला पुजारी आणि कठड्याच्या आत दाटीवाटीनं बसलेली मोहल्ल्यातली लहान मुलं. रथ निघण्याआधी त्याची चाकं तपासायचं काम कान्होजी जगदाळ्यांचं. पूर्वी ते त्यांच्या वडिलांचं होतं आणि त्याच्या आधी आजोबांचं, जे दरबारच्या तोफगाड्यांची चाकं घडवत. कान्होजींचा हजिरा भागातला, घरालगतचा कारखाना आता दारं-खिडक्यांचा होता. चाकाचं काम म्हणजे लग्नाच्या एखाद्या बग्गीचं, नाहीतर हा रथ.

त्या वर्षी रामनवमीच्या आधीच्या आठवड्यात ते मुलीला, उन्नतीला, घेऊन मंदिरात गेले. ऊन आत्ताच भाजायला लागलं होतं. ग्वाल्हेरच्या उन्हात लाकूड आक्रसतं, चाकाचे सांधे सैल होतात, म्हणून ते प्रत्येक आरा हातानं हलवून बघत होते. पुढचं डावं चाक सगळ्यांत जुनं, आजोबांच्या हातचं. त्याच्या मधल्या तुंब्यावर, जिथे सगळे आरे येऊन रुततात, तिथे त्यांनी मोगरीचा ठोका दिला. चांगला तुंबा खणखणतो. आत फट असली तर तडकलेल्या मडक्यासारखा बद्द वाजतो.

तुंबा बद्द वाजला.

त्यांनी पुन्हा ठोकलं. मग उठून उरलेली तीन चाकं ठोकून पाहिली. तीही बद्दच वाजली. ती तर त्यांनी स्वतः घडवलेली होती, बाभळीच्या पक्क्या लाकडाची. त्यांत फट असणं शक्य नव्हतं. कान्होजींचा हात आपोआप कानाकडे गेला.

घरात टीव्हीचा आवाज वाढवला की उन्नती ओरडायची. गिऱ्हाइकानं पाठीमागून हाक मारली की त्यांना कळायचं नाही. मशीनच्या आवाजानं कान जरा बसलेत, असं ते सगळ्यांना सांगत आणि स्वतःलाही.

"तू ऐक गं," ते उन्नतीला म्हणाले आणि त्यांनी जुना तुंबा ठोकला, मग नवा. "काही फरक वाटतो?"

"बाबा, मुझे क्या पता? मला तर सगळे सारखेच वाटतात."

सारखेच. म्हणजे सगळे चांगले, की पोरीला कळत नाही म्हणून सारखे? त्यांनी पुढं काही विचारलं नाही. डावं चाक आसावरून उतरवलं आणि लोडिंगच्या टेम्पोत घालून हजिऱ्याला आणलं.

दुसऱ्या दिवशी जयसिंहराव आले. कान्होजींचे थोरले चुलतभाऊ, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन शहराच्याच मुरार भागात राहणारे, रथोत्सव मंडळाचे अध्यक्ष. लहानपणी दोघं एकाच घरात वाढलेले.

"काय निघालं?" त्यांनी उभ्या उभ्या विचारलं.

"तुंबा तडकलाय, दादा. यंदा रथ काढू नको."

"कुठं तडकलाय? दाखव."

"फट आत आहे. बाहेरून दिसायची नाही."

जयसिंहरावांनी वाकून तुंब्यावरून हात फिरवला. "बाहेरून दिसत नाही तर तुला कशी दिसली?"

"आवाजावरून."

"नक्की?"

तो एक क्षण होता. खरं सांगायचं तर तो क्षण बराच लांब होता, कारण जयसिंहराव वाट बघत होते. माझा कान मला दगा देतोय, दादा, मला नक्की नाही सांगता येत, एवढं म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कधीपासून? आणि त्याच्या पुढचा, मग गेल्या वर्षी तू काय ऐकलंस?

"नक्की," कान्होजी म्हणाले.

"मग उघड आणि दाखव."

"उघडला तर रामनवमीपर्यंत जुळायचा नाही. आरे पुन्हा बसवायचे, घेराचे लाकडी पाटे चढवायचे, त्यावर लोखंडी धाव तापवून घालायची. वेळ नाही."

"हे बरं आहे तुझं! न उघडता मी मानायचं आणि उघडलं तर रथ नाही. कान्हू, शंभर माणसं विचारतील मला. रथ कधी थांबला नाही आपला." जयसिंहराव चिडले की त्यांचा आवाज खाली येई. कान्होजींना शेवटचे शब्द ओठांवरून वाचावे लागले. "मी तुंब्याला लोखंडी पट्टा मारून घेतो. उद्या दुपारी टेम्पो पाठवतो. रामनवमी होऊ दे, मग उघड हवा तेवढा."

ते गेले. कान्होजी त्या चाकाशेजारी बसून राहिले. पट्टा मारायचा म्हणजे तुंब्याला खिळे ठोकायचे, आणि आत खरंच फट असेल तर खिळ्यांनी ती आणखी फाकणार. इंदरगंजकडे जाताना गल्लीला उतार आहे. तिथे रथ मागून दोरांनी धरून ठेवावा लागतो. त्याच उतारावर सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. कठड्यातली मुलं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. आणि फट नसेल तर? तर ते विनाकारण देवाचा रथ अडवत होते. दोन्हींतलं खरं कुठलं, हे कळायची एकच वाट होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी उन्नतीला हाक मारली. "जरा चाकावर भार देऊन बस."

"जयकाका नको म्हणाले होते ना?"

"बस म्हणतो ना."

आक्रसलेल्या लाकडावरून धाव थोड्याच ठोक्यांत निघाली. पाटे सुटे झाले. मग त्यांनी भिंतीवरचा पंजा काढला. आरे उपटायच्या त्या हत्याराला घरात पंजा म्हणत. हातभर लांब लोखंडी दांडा, टोकाला आऱ्याला धरणारी वाकडी नखं आणि खाली तुंब्यावर टेकायला जाड टाच. आऱ्याच्या बुडाशी नखं अडकवायची, टाच टेकवायची आणि दांडा हळूहळू दाबायचा. घाईनं दाबलं तर आरा बुडाशी मोडतो. हळू दाबलं तर तो आपल्या खोबणीतून कुरकुरत, कणाकणानं वर येतो.

पहिला आरा आला. कान्होजींनी खोबणीत डोळा लावला. लाकूड कोरडं, सलग. त्यांनी दुसरा उपटला, मग तिसरा. प्रत्येक आऱ्यासरशी त्यांना वाटे, आता दिसेल. ते चक्क प्रार्थना करत होते की फट निघू दे. आपण देवाकडे काय मागतोय हे मध्येच त्यांच्या ध्यानात आलं आणि हात क्षणभर अडखळला.

"बाबा, पसीना देखो आपका. थोडं थांबा ना."

ते थांबले नाहीत. शेवटचा आरा निघाला तेव्हा तुंबा सगळ्या बाजूंनी उघडा त्यांच्यासमोर होता. त्यांनी तो उन्हात नेला, फिरवून फिरवून पाहिला, प्रत्येक खोबणीत बोट घातलं. आतलं लाकूड गुळासारखं तांबूस होतं. कुठे एक रेघसुद्धा नव्हती. आजोबांनी घडवला तसाच होता तो.

कुसुमताई, त्यांच्या पत्नी, ताकाचा गडू घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी गडू खाली ठेवला. "काय झालं?"

"चांगला आहे. तुंबा चांगला आहे गं."

सुटे पडलेले आरे कुसुमताईंनी पाहिले, पाटे पाहिले. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. कान्होजींना तो ऐकू आला नाही. कुसुमताईंनी ऐकला आणि त्या झरकन म्हणाल्या, "अहो, फट होती म्हणून सांगा. कोण आत डोळा घालून बघणार आहे?"

"दादा बघेल."

"मग तिथं पटाशी पडलीय." त्या एवढंच बोलल्या आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकल्यासारख्या दोन पावलं मागे सरल्या.

फट पाडायला एक ठोका पुरला असता. कान्होजींनी पटाशीकडे पाहिलं, उचलली मात्र नाही. उचलायची वेळच आली नाही. जयसिंहराव फाटकातून आत आले आणि उघड्या पडलेल्या चाकापाशी थबकले. तुंब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आऱ्यांच्या ढिगाकडे आणि मग भावाकडे पाहत राहिले.

"मी नको म्हटलं होतं," ते म्हणाले.

"दादा..."

"एवढी खात्री होती तुला? मी नको म्हटल्यावरही?" त्यांनी एक आरा उचलून पुन्हा ढिगावर ठेवला. "बरं. मग असेलच." आणि टेम्पो रिकामाच घेऊन गेले.

त्यांना थांबवून सांगायला हवं होतं. कान्होजी फाटकापर्यंत गेलेही. पण टेम्पो हजिऱ्याच्या गर्दीत शिरला होता.

मोहल्ल्यात बातमी जयसिंहरावांनीच दिली. चाकात दोष होता, कान्होजींनी वेळेवर उघडलं, यंदा देव पालखीत बसतील. आधी लोक हळहळले. मग बोलणं बदललं. उतारावर चाक मोडलं असतं तर काय झालं असतं, हे जो तो दुसऱ्याला सांगू लागला आणि सांगता सांगता ते जवळजवळ घडल्यासारखंच झालं. शरयू नावाची एक तरुण आई, जिचा मुलगा यंदा पहिल्यांदाच रथात बसणार होता, हजिऱ्याला येऊन कान्होजींच्या पाया पडून गेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"पडू दे की लोकांना पाया," कुसुमताई म्हणाल्या. "वाईट काय केलंत तुम्ही? मुलांच्या काळजीनंच केलंत ना?"

"काळजी होती. पण मी नक्की म्हणालो होतो गं. नक्की नव्हतं."

"बोलून काय मिळवणार? काम जाईल. कान गेले म्हणतील लोक."

"गेलेच आहेत," कान्होजी म्हणाले. घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारलं होतं. उन्नती दारातच उभी होती. ती आत येऊन बापाच्या उजव्या बाजूला बसली. त्या बाजूनं त्यांना जरा बरं ऐकू येई, हे तिला केव्हापासूनच माहीत होतं.

रामनवमीला भर दुपारी जन्म झाला. पाळणा म्हटला गेला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला. सभामंडपात उभं राहायला जागा नव्हती. मग पुजाऱ्यांनी शाल आणि नारळ मागवला आणि जयसिंहराव माइकपुढे आले. त्यांना भाषणाची सवय नव्हती.

"मी कान्होजीवर विश्वास ठेवला नाही," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ आहे, तरी नाही ठेवला. त्यानं माझा शब्द मोडला म्हणून आज आपली मुलं सुखरूप आहेत. चूक माझी होती." त्यांनी शाल आपल्या हातांनी भावाच्या खांद्यावर घातली. त्यांचे डोळे भरले होते. सगळ्या आयुष्यात त्यांनी चारचौघांत चूक कबूल केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

नारळ हातात आला. टाळ्या वाजल्या. कान्होजींना त्या लांबून पाऊस पडत असल्यासारख्या ऐकू आल्या. शाल अंगावर बसेना. कुसुमताई बायकांच्या घोळक्यातून त्यांच्याकडे एकटक बघत होत्या आणि अगदी बारीक मान हलवत होत्या. नको.

"दादा, तुंबा चांगला होता," कान्होजी म्हणाले.

माइक जवळ होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आत फट नव्हती. मला कमी ऐकू येतं. ठोका बद्द वाटला, तो चाकामुळं की कानामुळं, ते मला कळत नव्हतं. तरी मी नक्की म्हणून सांगितलं. रथ निघाला असता तर काही झालं नसतं." त्यांनी शाल काढून घडी घातली. ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना, म्हणून नारळासकट पायरीवर ठेवली.

कुणीतरी मागे हसलं. कुणी हिंदीत म्हणालं, "अरे, तो रथ काहे को रुकवाया?" पुजाऱ्यांनी घाईनं आरती सुरू केली. जयसिंहराव आरतीला थांबले नाहीत. चपला शोधत ते बाहेर गेले, आणि त्यांच्यासाठी लोकांनी केलेली वाट बराच वेळ तशीच मोकळी राहिली.

कुसुमताई काही दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. बग्गीवाल्यांचे फोन थांबले. उन्नतीनं बापाला मुरारच्या एका दवाखान्यात नेलं. एक कान जवळजवळ गेला होता, दुसरा निम्मा होता. डॉक्टर म्हणाले, निदान सात-आठ वर्षं तरी हे चालू असावं. कान्होजींनी मनातल्या मनात तेवढ्या वर्षांचे रथ मोजायला घेतले आणि सोडून दिले.

उन्हाळ्याच्या गरम वाऱ्याची लू वाहायला लागल्यावर एका दुपारी जयसिंहराव आले. डोक्याला पंचा गुंडाळलेला. बसले नाहीत.

"दादा, मला..."

"चाकाचं सोड. लाकूड कुणाचंही चुकतं, कानही चुकतो." ते मुद्दाम सावकाश बोलत होते आणि कान्होजींना सगळं कळत होतं. "तुझा कान चालला होता, हे तू मला सांगितलं नाहीस. मी परका होतो? त्या दिवशी म्हणाला असतास, तर मीच बसलो असतो चाकावर भार देऊन, आणि तू उघडलं असतंस. रथ थांबला तर थांबला असता. मला तू सगळ्या मोहल्ल्यासमोर रडायला लावलंस, आणि तेही खोट्यासाठी."

"सांगवलं नाही, दादा."

"आणि तिथं माइकवर सांगवलं."

उन्नतीनं पाणी आणलं. जयसिंहराव उभ्यानंच प्यायले.

"मंडळानं ठरवलंय. पुढच्या वर्षी देव ट्रॉलीवर जातील, रबरी चाकांच्या. रथ सभामंडपात ठेवायचा, बघायला. चौथं चाक तेवढं जुळवून दे. शोभेचं आहे, चालवायचं नाही." जाता जाता ते फाटकाकडे तोंड करून आणखी काही बोलले.

"काय म्हणालास?" कान्होजींनी विचारलं. "ऐकू नाही आलं मला."

जयसिंहराव वळले. "म्हटलं, सावकाश कर. घाई नाही आता."

आणि ते उन्हात निघून गेले. कान्होजींनी फाटक लावून घेतलं. उन्नती आऱ्यांवरची धूळ झटकायला लागली होती. ते तिच्या शेजारी बसले आणि कुठला आरा कुठल्या खोबणीतला, ते तिला दाखवू लागले.