शेजारीण दुसरी

"असा नाही धरत हात," शकुंतला म्हणाली आणि तिनं यास्मीनचं मनगट खालून, अंगठा आत घेऊन पकडलं. "असा धरला तं सुटत नाही. ओढून पाह्य."

यास्मीननं ओढून पाहिलं. सुटला नाही. ती हसली, भिंतीला टेकून बसलेली पोरंही हसली. देवेश सर मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

नांदुऱ्याच्या कॉलेजात गॅदरिंगची तालीम चालली होती. नाटिका सरांनीच लिहिलेली. तरुण नवरा गेलेला आहे, तिरडी अंगणात तयार आहे आणि प्रेत उचलण्याआधी बायका त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडतात, एवढाच प्रसंग. सगळं खऱ्यासारखं झालं पाहिजे, असं सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. हातवारे नकोत, छाती पिटणं नको. शकुंतलेच्या वाट्याला आलेल्या बाईला नाव नव्हतं. कागदावर तिला 'शेजारीण दुसरी' म्हटलं होतं आणि तिला वाक्य होतं एकच, 'बाई, हात दे.'

हे काम करायला वर्गातली एकही पोरगी तयार झाली नव्हती. नाटकात झालं तरी बांगडी फोडायची नाही, असं प्रत्येकीच्या आईनं सांगून ठेवलं होतं. तशी शकुंतला वर्गातली सगळ्यात थोराड. नवरा गेला तेव्हा पोरगी पाळण्यात होती. शिलाई मशीनवर फॉल-पिको करून तिनं पोरीला वाढवलं, पोरीच्याच पुस्तकातून अक्षरं गिरवली, बाहेरून दहावी केली, बारावी केली, आणि पोरीचं लग्न लागल्यावर बी.ए.ला नाव घातलं. गल्लीत याची चेष्टा झाली. तिनं नवं दप्तर घेतलं आणि त्याच गल्लीतून ते पाठीला लावून गेली. काकूंना काय अपशकून होणार, म्हणून काम तिच्याकडे आलं. हे तिच्यासमोर कोणी बोललं नाही, पण तिला ते कळलं होतं.

विधवा व्हायला यास्मीन स्वतःहून पुढे आली होती. तिचे अब्बा अब्दुल गनी आठवडी बाजारात बांगड्या भरायचे. त्यांनी जोडी फुटलेल्या, उरल्यासुरल्या बांगड्यांचा डबाच तालमीला पाठवला. पोरीच्या हाताला काच लागू देऊ नका, एवढाच निरोप त्यासोबत होता. "बाप गावाले भरते अन् मी फोडून घेऊन राह्यली," असं यास्मीन सगळ्यांना सांगत फिरायची.

त्या दिवशी तालीम संपताना सरांनी शकुंतलेला घरचा अभ्यास दिला. बांगड्या फोडताना त्या बाईच्या मनात नेमकं काय चाललेलं असतं, ते शोधून या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या ती शोधू लागली. शोधायला लांब जायचं नव्हतं. गल्लीत कोणाचा नवरा गेला की हे काम विधवांकडे यायचं, सवाष्णी त्याला हात लावत नसत. आधी ते सरस्वतीबाई करायच्या. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हापासून शकुंतलेला बोलावणं येऊ लागलं आणि ती जात आली. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या ओळीतल्या एका पोरीच्या बांगड्या तिनंच फोडल्या होत्या. तेव्हा काय होतं मनात? तिनं मशीन थांबवलं. दूध होतं. गॅसवर दूध ठेवून ती तशीच गेली होती, आणि ते उतू जाईल, एवढंच काय ते मनात होतं. त्या पोरीचं तोंड कसं झालं होतं ते तिला काही केल्या आठवेना. मशीनवरची साडी तशीच राहिली.

पुढच्या तालमीत तिनं तसंच केलं. यास्मीनचं मनगट दगडावर टेकवलं, "बाई, हात दे," म्हणाली, आणि बांगड्या फोडता फोडता मान मागे वळवून, कागदावर नसलेलं एक वाक्य बोलली, "दूध पाह्य व कोनी, उतू जाईन." आवाज रोजचाच. यास्मीननं हात ओढला, पण तो सुटला नाही. आणि मग ती पोरगी जी रडू लागली, ती प्रसंग संपला तरी थांबेना.

सर पुढे आले. काम फार चांगलं झालं, पण हे लोकांना बघवणार नाही, असं ते म्हणाले. समोरच्या रांगेत संस्थेची माणसं बसणार, त्यांच्या बायका बसणार. आपण मध्ये पडदा धरू आणि फक्त काचेचा आवाज ऐकवू. माणूस वाईट नव्हता. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे साऱ्या कॉलेजला माहीत होतं.

"पडदा धरसान तं दुसरी बाई पाहा," शकुंतला म्हणाली. "सर, हे घराघरात होते. अंगनात होते, सगळ्याइच्या समोर होते. तव्हा कोनी पडदा धरत नाही. अन् ज्याइले पाहवत नाही म्हनता, थेच पाहत उभे राह्यतात."

यास्मीननं डोळे पुसले. "हात माहा हाये, सर. मी म्हनते, पुढंच करा."

सरांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. शेवटी, बरं, पडदा नको, म्हणाले.

दोनच दिवसांनी सकाळी गल्लीतला गोपाळ गेला. मालाचा टेम्पो चालवायचा. मलकापूरकडून येताना ट्रकनं मागून उडवलं. पोस्टमॉर्टेम होऊन दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. त्याची बायको प्रणिता, यास्मीनपेक्षा फार मोठी नसेल. तिरडी बांधून होत आली तशा सरस्वतीबाई शकुंतलेच्या दारात आल्या आणि नुसतं, "चाल व," म्हणाल्या.

शकुंतला गेली. प्रणिताला दोघी बायकांनी बाहेर आणून बसवलं होतं. कपाळावर मळवट भरलेला, कोपरापर्यंत हिरवा चुडा. न्हाणीजवळचा दगड कोणीतरी आणून ठेवला होता. शकुंतला तिच्यासमोर बसली आणि तिचं मनगट खालून, अंगठा आत घेऊन धरलं. ह्या वेळी तिनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं तो दगड बाजूला ढकलून दिला.

बायकांना वाटलं, चुकून निसटला. एकीनं तो उचलून आणला.

"ठेव खाली," शकुंतला म्हणाली. "मी फोडत नाही. कोनाले फोडूही देत नाही."

गलका झाला. पुरुष मागे वळून पाहू लागले. ही शिकून बिघडली, असं कोणी म्हणालं. प्रणिताची सासू भिंतीशी बसली होती, तिला कशाचंच भान नव्हतं.

सरस्वतीबाई वाकून तिच्या कानाशी आल्या. "हे काय तुह्यं कालेजातलं नाटक हाये का?"

"नाटकात फोडते मी, मावशी. चारचौघाइले दिसावं म्हनून फोडते. इथं नाही."

"माह्या फोडल्या," सरस्वतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुह्या फोडल्या. मंग हिच्याच काऊन नाही? हे काय वरून उतरली?"

"तुमच्या फोडल्या तव्हा कोनी आडवं बसलं नाही. माह्या वक्ताले तुमीच माहा हात धरला होता. आता मी बसली."

सरस्वतीबाईंनी प्रणिताचा हात सोडवायला शकुंतलेच्या मुठीत बोटं घातली. ती थरथरत होती. जराशानं त्यांनी ती काढून घेतली.

उन्हं चढली होती, माणसं खोळंबली होती. कोणीतरी पुरुष, आटपा लवकर, म्हणाला. आटपायचं काहीच नव्हतं. शेवटी तिरडी उचलली आणि गोपाळ गेला. बायका एकेक करून निघाल्या. आता हिच्या दारात कोण फॉल लावायला येते ते पाहू, असं एक जण जाता जाता मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. शकुंतलेनं मान वर केली नाही. तिची पाठ अंगणाच्या दाराकडे होती आणि प्रणिताला आडोसा करून ती तशीच बसून राहिली, कोणी बांगड्या फोडायला परत फिरलं तर म्हणून.

अंगणात विस्कटलेली फुलं, बांबूच्या ढलप्या आणि लोकांच्या पावलांनी उडालेली माती उरली होती. आत सासू कण्हत होती. बराच वेळ गेला.

"काकू," प्रणिता पहिल्यांदाच बोलली. आवाज घोगरा झाला होता. "हात दुखून राह्यला."

शकुंतलेनं खाली पाहिलं. तिची पकड अजून तशीच होती. बोटं आखडली होती, ती एकेक करून तिला दुसऱ्या हातानं सोडवावी लागली. शकुंतलेच्या तळव्यावर बांगड्यांचे वळ उठले होते.