हक्कीकोटचा दरवाजा

“इथं. बरोब्बर इथं पडले खंडोजी.” जयसिंगरावांनी वाकून उंबऱ्याच्या दगडावर तळवा टेकला. “छातीत गोळी बसली, तरी दरवाजा सोडला नाही.”

शेषगिरी भराभर टिपून घेत होता. अठ्ठावन्न साल संपत आलं होतं. हक्कीकोटचा महाल सरकारनं ताब्यात घेतला होता आणि दरवाज्यापाशी एक शिळा बसवून तिच्यावर महालाचा इतिहास कोरायचं ठरलं होतं. तो किल्लेदाराच्या घराण्याकडूनच ऐकावा असं खात्याच्या साहेबांना वाटलं. शेषगिरीच्या घरी मराठी बोलत, म्हणून त्यालाच पाठवलं होतं.

जयसिंगराव सांगत सुटले. पाळेगार राजानं टेकडीवर गढी बांधली. त्याच्या नातवानं राणीच्या हट्टापायी गढीवर महाल चढवला. राणीच्या सज्ज्यातून हेब्बाळचं तळं आणि त्यामागं सगळं बेंगळूर दिसे. मग मराठे आले, खंडोजी किल्लेदार झाले, मुघलांचा वेढा पडला. पुढं म्हैसूरकर आले, इंग्रज आले. अलीकडं तर सज्ज्यात बियाण्यांची पोती रचलेली असत. हे सगळं ते उरकल्यासारखं सांगत. त्यांच्या लेखी महालाचा इतिहास म्हणजे ती वेढ्यातली एक पहाट, आणि ती सांगताना थकलेल्या आवाजालाही धार चढे.

तेवढ्यात आतल्या चौकातून त्यांच्या पत्नी सकवारबाई आल्या आणि देवडीवर मटकन बसल्या. त्यांना धाप लागली होती.

“अक्का, तुम्ही आतून कशा आलात?” शेषगिरीनं विचारलं. “बसमधून तर बरोबर उतरलो आपण.”

“आमच्या घरच्या बायका या दरवाज्यातून येत नाहीत,” जयसिंगराव म्हणाले. “मागं पायऱ्या आहेत, तिकडून येतात. घरच्या पुरुषाचं रक्त सांडलं ती जागा ओलांडायची नाही. मान आहे तो.”

“वा! हेही घालू या शिळेवर.”

“ते नको,” सकवारबाई म्हणाल्या. मग आवाज सावरून शेषगिरीला म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही स्वल्प पाणी पिऊन या. तिकडं विहीर आहे.”

शेषगिरी लांब जाईपर्यंत त्या गुडघे चोळत राहिल्या.

“मान नाही तो,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“दरवाजा खंडोजींनीच उघडला. आतून. त्यांची बायको वर सज्ज्यात होती, तिनं पाहिलं. तिचा भाऊ बुरुजावर होता, तो गेला. सगळेच गेले. खंडोजी म्हातारे होऊन अंथरुणात वारले. ती म्हणाली, तुम्ही उघडलेल्या दारातून मी ये-जा करणार नाही. तेव्हापासून आम्ही मागून.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तुमच्या आईनं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, त्या पायऱ्यांवरच. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. पुरुषांना सांगायचं नाही, हेही सांगितलं.”

जयसिंगराव हसले. हसू अर्ध्यातच राहिलं. देवनहळ्ळीकडची दोन गावं एकेकाळी घराण्याकडं होती, खंडोजींच्या शौर्याबद्दल मिळालेली, असं ते आजवर सांगत आले होते. ती गावं मुघलांनी दिली होती हेही त्यांना ठाऊक होतं. जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या घरात गावं का टाकावीत, एवढं साधं त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्यांना राग आला. खंडोजींचा नाही, हिचा आला.

“इतकी वर्षं गप्प बसलीस.”

“काय बोलू? वर्षभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात साहेबाची बोलणी खायचात. दसऱ्याला एक दिवस पगडी घालून इथं पहिला नारळ फोडायचात. त्या दिवशी घरी येऊन दोन घास जास्त जेवायचात. ते कसं काढून घेऊ तुमच्याकडून?”

“मग आज का?”

“थकले.” त्यांनी पदरानं मान पुसली. “पुढच्या दसऱ्याला राजलक्ष्मी येईल. सून म्हणून तिला पहिल्यांदा त्या पायऱ्या चढवायच्या, आणि मग हे सगळं तिच्या डोक्यावर ठेवायचं. आणि इकडं दारात तुमचं दगडावर कोरलेलं. नाही होत माझ्याच्यानं.”

जयसिंगरावांना अजून रागवायचं होतं. पण रागालाही अंगात जोर लागतो, आणि तो त्यांना सापडेना.

शेषगिरी तोंड पुसत परत आला. “सरी, बरं, एकदा वाचून दाखवतो. ‘किल्लेदार खंडोजींनी या ठिकाणी लढता लढता देह ठेवला.’ असंच ना?”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पुन्हा कुणी विचारायला येणार नव्हतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती टेकडीखालच्या शहराकडं बघत होती. हो म्हणा असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं आणि नको म्हणा असंही नव्हतं.

“दरवाजा आतून उघडला गेला, असं लिहा,” ते म्हणाले.

“कुणी उघडला?”

“खंडोजींनी.”

शेषगिरीचा हात थांबला. “अण्णा, तुमच्याच घराण्याचं हे...”

“घराण्याकडूनच ऐकायला आलात ना? मग लिहा.”

ऊन उतरलं होतं. शेवटची बस गाठायची होती. सकवारबाई उठल्या आणि सवयीनं आत वळल्या. जयसिंगरावांनी त्यांचा दंड धरून त्यांना दरवाज्याकडं वळवलं.

“इकडून जा. उतार सोपा आहे.”

त्या उंबऱ्यापाशी घुटमळल्या, मग निऱ्या उचलून एक पाय पलीकडं टाकला, मागोमाग दुसरा. चिंचेच्या सावलीतल्या रुंद वाटेनं त्या सावकाश चालू लागल्या. चार पावलांवर थांबून त्यांनी मागं पाहिलं. दरवाज्यात एकटा शेषगिरी उभा होता.

“अण्णा,” तो चौकाकडं तोंड करून हाका मारत होता, “वाट इकडं आहे!”

जयसिंगराव चौक ओलांडून मागच्या पायऱ्यांच्या तोंडाशी पोचले होते. एवढ्या वर्षांत ते या बाजूला कधी आले नव्हते. खाली पाहून त्यांनी आधी एक पाय सोडला आणि तो टेकायला दगड सापडेपर्यंत तसेच उभे राहिले. पायऱ्या इतक्या उभ्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.