रुमालाखालचे हात

दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर जुना कॉम्प्युटर पोट उघडून पडला होता. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा काकूंनी त्याच्या हार्ड डिस्कवर तळहात ठेवला होता. तिची टकटक त्यांना ऐकू येत नव्हती, हाताला मात्र लागत होती.

"परत ठोके द्यायला लागली," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्या बाईने झटकन बटण दाबून मशीन बंद केलं. "निवू दे जरा. काकू, खरं सांगते, आता ही फार तर एकदा फिरेल." ती तोंड समोर धरून, शब्द सुटे करून बोलत होती. काकूंचा डावा कान कधीच गेला होता, आणि उजव्याला कानाच्या डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली होती. म्हणून तर ही धावपळ.

अकरा वर्षांपूर्वी काकांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार हे कळलं, तसे ते चार दिवस मागच्या खोलीत दार लावून याच कॉम्प्युटरशी बोलत बसले. आवाज भरून ठेवला, वर पासवर्डचं कुलूप घातलं. ऑपरेशननंतर हातात पाटी आली तेव्हा तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं, 'मी गेल्यावर ऐक.' काकूंना त्याचा असा काही राग आला, की अकरा वर्षांत त्यांनी त्या डब्यावरची धूळसुद्धा पुसली नाही. आता काका ठणठणीत होते आणि काकूंचे कानच आधी निघाले होते. "कान गेल्यावर तुमच्या आवाजाचं मी काय लोणचं घालू?" असं म्हणून त्यांनी तो डबा इथवर आणवला होता.

आणि पासवर्ड काका साफ विसरले होते.

"फोडता नाही का येत कुलूप?" काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"फोडून आत गेलं तर नुसता भुसा हाती लागेल. पासवर्ड बरोबर पडला, तरच आवाजाचा आवाज राहतो."

काकूंनी शेजारी बसलेल्या काकांकडे मोर्चा वळवला. "लग्नाची तारीख टाकलीत?"

काकांनी पाटीवर लिहिलं, 'टाकली. चूक आली.'

"तारीख चुकली, की लग्न?"

एरवी यावर पाटी भरून उत्तर आलं असतं. आज काकांनी पाटी पुसली आणि एवढंच लिहिलं, 'माझ्यामुळे.'

"पुरे. रडगाणं नको," काकू म्हणाल्या. त्यांची नजर काकांच्या खडू धरलेल्या हातावर खिळली. सकाळपासून हा माणूस एका बोटाने, कोंबडीने दाणे टिपावेत तसा टाइप करत होता. ज्याने चौतीस वर्षं ऑफिसात समोरच्याशी गप्पा मारत पानंच्या पानं टाइप केली, तो!

"अहो, तुम्ही बघून टाइप करताय!"

काकांनी मान वर केली.

"क्लासमधल्या बाई काय करायच्या?"

ते दोघं टायपिंगच्या क्लासात शेजारच्या मशीनवर बसत, ओळख तिथलीच. कुणाची नजर कीबोर्डवर गेली, की बाई त्याच्या हातांवर रुमाल टाकत.

"आमचा कीबोर्ड कुठाय?" काकूंनी दुरुस्तीवालीला विचारलं.

"तो पिवळा? पिशवीत आहे. अक्षरं पुसलीयत त्याची, म्हणून माझा लावला."

"यांना अक्षरं लागत नाहीत. लावा तो."

दुरुस्तीवालीने तो जोडून बटण दाबलं. डिस्क घुरघुरली. काकूंनी एक हात तिच्यावर ठेवला, दुसऱ्याने कमरेचा रुमाल काढून काकांच्या हातांवर पसरला. "आठवायचं नाही. माझ्याकडे बघा. ऑफिसातून आलात, चहा व्हायचाय, बसलात."

रुमाल हलला, थांबला. पडद्यावर चूक आली. काकूंच्या तळहाताला एक ठोका लागला.

"परत. बोटं वाकवा! कोपर आत!" काकूंच्या तोंडून हा आवाज क्लासमधल्या बाईंचा निघाला होता. काका चमकले, ताठ बसले. रुमालाखाली दहाही बोटं एकदम धावली आणि थांबली.

दुरुस्तीवाली पुढे झुकली. "उघडलं. नऊ फायली आहेत, माझ्या मशीनवर उतरवून घेते. काकू, हात काढू नका, मला सांगत राहा."

"ठोके पडतायत... जोरात... अगं, थांबली."

हाताखाली नुसतं गरम लोखंड उरलं.

"किती आल्या?"

"एक पूर्ण. दुसरी अर्धी." तिने काकांकडे बघितलं. "पासवर्ड होता तरी काय?"

काकांनी आपली बोटं निरखली आणि खांदे उडवले.

हेडफोन काकूंच्या उजव्या कानावर चढला. आधी खोकला. मग, "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन." मग दार वाजलं आणि लांबून काकूंचाच अकरा वर्षांपूर्वीचा आवाज आला, "कुणाशी बोलताय हो आत?"

"कुणाशी नाही. तुझ्याशीच. जा, काम कर तुझं."

काकूंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानाशी दाबून धरला. काकांनी त्यांच्या डोळ्यांसमोर पाटी धरली, 'काय म्हणतोय मी?'

"मला कामाला लावताय," काकू म्हणाल्या. "आता गप्प बसा. ऐकू द्या."