ढमीचा मागचा पाय

"मावशी, लागतंय का काही हाताला?" डॉक्टरनं तिसऱ्यांदा विचारलं.

मी डोळे मिटून ढमीच्या मागच्या पायाची बोटं चिमटीत धरली होती, दुसरा तळवा तिच्या मांडीवर. बावीस वर्षं मी कुत्र्यांना मालीश करतेय, ती अशीच, डोळे मिटून. पाय लुळा पडला तरी आत जीव उरला असेल तर चिमट्याला मांडीत बारीकशी ओढ येते. डॉक्टरला ती कधी कळते, कधी नाही. मला कळते, असं सगळे धरून चालतात.

"नाही," मी म्हणाले.

ढमीचे मालक, निवृत्त मास्तर, तिचं डोकं मांडीवर घेऊन गादीवर बसले होते. तीन आठवडे ते तिला टॉवेलच्या झोळीतून रोज आणत होते. आज निकाल लागायचा होता. पायात जाण आली तर उपचार पुढं चालू, नाहीतर इंजेक्शन देऊन सुटका. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, पण कामाला पक्की. "मास्तर, मी तयारी करते," एवढंच बोलून ती आत गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टींचं तसंच होतं.

"जरा चोळून द्या ना," मास्तर म्हणाले. "शेवटचं. आवडतं हो तिला. मी करायला गेलो की उठून जायची. म्हणजे, उठता येत होतं तेव्हा."

मी पुन्हा सुरुवात केली. कंबर, मांडी, पंजा.

"मावशी, हलला."

"काय?"

"पंजा. मघाशीही हलला होता. मला वाटलं, तुमच्याच हातानं हलला असेल. तुम्ही नाही म्हणालात, मग मी कशाला मध्ये बोलू?"

मी डोळे उघडले आणि चिमटा घेतला. ढमीनं पंजा आखडला आणि मान वळवून, काय कटकट आहे, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांना काहीच कळलं नाही.

सहा महिन्यांपासून बोटांची टोकं बधिर होती. सुनेनं एकदा विचारलंही, "आई, एवढं तापलेलं पातेलं कसं उचललंत?" मी हसण्यावारी नेलं. काम सुटलं तर दिवसभर घरात बसून करायचं काय, या धास्तीनं कुणाला बोलले नाही.

डॉक्टर ट्रे घेऊन आली. 'आत्ताच जाण आली बघा,' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण गेल्या महिन्यात याच गादीवर एक काळा कुत्रा होता. त्याच्या वेळीही मी 'नाही'च म्हटलं होतं.

"पाय जिवंत आहे तिचा," मी म्हणाले. "माझी बोटं गेलीत. सहा महिने झाले."

डॉक्टरनं ट्रे खाली ठेवला. "मावशी, तो काळा..."

"हो."

तिनं वाकून स्वतः चिमटा घेतला, पंजा हललेला बघितला.

"उद्यापासून येऊ नका, मावशी," ती हळूच म्हणाली.

"आजचं?"

"आजचं पूर्ण करा."

मला रडू आलं नाही. लाज मात्र वाटली, आणि काहीतरी वाटतंय, याचंच बरं वाटलं.

मी मास्तरांचे हात धरून ढमीच्या पाठीवर ठेवले. "बोटं रोवू नका. तळव्यानं दाबा. कण्याच्या कडेनं, कण्यावर नाही."

ते घाबरत घाबरत कंबरेपर्यंत आले. ढमी उठून जाऊ शकत नव्हती, पण कुरकुरलीही नाही.

"इथं गाठ लागतेय," ते म्हणाले.

"आखडलंय तिथं. केवढी आहे?"

"वाटाण्याएवढी."

"दाबून धरा. सैल पडेपर्यंत सोडायचं नाही."

त्यांना नीट बसता यावं म्हणून मी गादीवरून खाली सरकले.