बियाण्याची काकडी

पॅकिंगच्या शेडमध्ये तिला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनापासून आवडायचं. पट्ट्यावरून काकड्या पळत यायच्या आणि मोजपट्टीचा हात न थांबता चालायचा. सरळ ती पुढे खोक्याकडे, वाकडी ती बाजूच्या निळ्या क्रेटमध्ये. नव्या पोरींना काकडी पट्टीवर ठेवून वाक बघावा लागे, हिनं नुसती नजर टाकली की निकाल लागलाच. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना आधी हिच्यासमोर आणून उभे करायचे. घरी येऊन ती हे सगळं साग्रसंगीत सांगायची. नवरा ‘हो का’ म्हणायचा, आणि गॅलरीतून सासरे विचारायचे, “सरळ असली म्हणजे जास्त गोड लागते वाटतं?”

सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. हात थोडे थरथरू लागल्यावर दुकान बंद केलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत भाजी लावली. टोमॅटो होते, मिरच्या होत्या, पण खरा मान काकडीच्या वेलाचा. त्याचं बी सासूबाईंनी लग्नात माहेरून आणलेलं. दर वर्षी पेरायचं, दर वर्षी नवं धरायचं. सासूबाई गेल्या, तरी त्यांची काकडी येतच राहिली. पातळ सालीची, कापली की घरभर वास सुटणारी. आकाराच्या नावानं मात्र बोंब, एक कोयत्यासारखी तर दुसरी पोट सुटलेली. सासरे शेजाऱ्यांना मीठ लावून फोडी द्यायचे आणि म्हणायचे, “आमच्या हिची आहे.” जणू सासूबाई आत हात पुसत उभ्या आहेत.

सासरे मुलीकडे आठवडाभर राहायला गेले आणि जाताना सुनेला म्हणाले, “झाडांकडे लक्ष ठेव गं.”

आता मोजपट्टीला कोणी लक्ष ठेवायला सांगितलं म्हणजे झालंच. तिनं पिवळी पानं काढली, डबे पुसून एका ओळीत लावले, आणि वेलाच्या बुडाशी पानांआड लपलेली एक काकडी तिच्या नजरेस पडली. पिवळीजर्द, फुगलेली, सालीला भेगा. जून काकडी म्हणजे शेडमध्ये सर्वांत मोठा गुन्हा. डोक्यानं काही म्हणायच्या आत हातानं ती तोडून कचऱ्यात टाकली होती. जित्याची खोड, दुसरं काय. मग तिनं गॅलरी धुतली आणि शाबासकीची वाट बघत बसली.

सासरे आले ते हातातली पिशवीही खाली न ठेवता गॅलरीत गेले. पानं बाजूला सारली.

“इथली काकडी कुठाय?”

“ती होय? जून झाली होती बाबा. टाकून दिली.”

त्यांनी पानं पुन्हा जागेवर सोडली. “बियाण्याची होती ती,” म्हणाले.

मोजपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. “मागच्या वर्षीचं बी असेल ना?”

“सगळं पेरलं. जुनं बी डबीत कोंडून ठेवायचं नाही, ही तिची रीत. शेजाऱ्यांना दिलं होतं, पण त्यांनी शेवटच्या काकडीपर्यंत खाऊन टाकलं.”

ती जिने उतरून पळत खाली गेली. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती आणि पिंप धुऊन पालथं घातलेलं होतं. वर आली तेव्हा सासरे खुर्चीत बसले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “राहू दे. मीच त्या काकडीला खुणेचा दोरा बांधायला हवा होता. या घरात आजवर कधी बांधावा लागला नव्हता.”

त्या एका वाक्यानं तिला रात्रभर झोप लागली नाही. या घरात सून म्हणून येऊन इतकी वर्षं झाली आणि आपल्याला परक्यासारखं दोरा बांधून सांगावं लागतं, हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिचा हात अडखळला. एक काकडी वाकडी, पण कोवळी, लुसलुशीत. क्रेटमध्ये टाकताना पहिल्यांदाच तिनं त्या क्रेटकडे नीट पाहिलं. संध्याकाळपर्यंत असले ढीग भरायचे आणि खड्ड्यात जायचे. घरी न्यायची बंदी होती, का तर लोक मुद्दाम चांगला माल वाकडा ठरवतील. माल उतरवायला मिशीवाला शेतकरी आला होता. तिनं त्याला गाठलं.

“दादा, तुम्ही घरचं बी धरत नाही?”

“माझी आजी धरायची. आता पाकीट आणतो, दर हंगामाला नवं. घरचं धरलं तर एक अशी येते, एक तशी. मग तुम्हीच परत पाठवता.” तो हसला. “आणि आमच्या घरात खायला वेगळा वेल लावलाय बरं का. हे आम्ही खात नाही.”

“का?”

“तीन दिवस गाडीत टिकायला साल जाड लागते. गाडीला चव कुठं कळते, बाई?”

ती पट्ट्यापाशी परत आली. इतक्या वर्षांत काकडी वाकडी निघाली म्हणून कुणा गिऱ्हाइकानं तक्रार केल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. तक्रार खोक्याची होती. वाकडी काकडी खोक्यात बसत नव्हती, एवढाच तिचा अपराध. आणि आपण त्या खोक्याच्या वतीनं आयुष्यभर निवाडे करत बसलो, घरातसुद्धा. तिला स्वतःचा राग आला. पण राग गिळून नुसतं बसणाऱ्यांतली ती नव्हती.

वेल अजून उभा होता. म्हातारा झालेला, पानांवर पांढरी भुरी, पण शेंड्याला फुलं येत होती. दोन-तीन लहान काकड्या धरल्या होत्या, पण त्यांना कीड टोचलेली, पिकेपर्यंत टिकल्या नसत्या, म्हणून त्या तिनं तोडल्या.

“अगं, खाण्याजोग्या होत्या त्या,” नवरा कळवळून म्हणाला.

“तुमच्या पोटात बी उगवतं का? वेलाचं सगळं बळ आता एकाच निरोगी काकडीला मिळायला हवं.”

पण नवी फुलं उमलायची आणि मागची बोटाच्या पेराएवढी काकडी पिवळी पडून गळायची. एक गळली, दुसरी गळली. थंडी सुरू झाली होती, तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नव्हत्या. सासरे खुर्चीतून बघत होते. एका सकाळी ती कामावर जायच्या आधी गॅलरीत आली, तर कठड्यावर घड्याळातली धूळ झटकायचा बारीक ब्रश ठेवलेला.

“ज्या फुलामागे काकडी नाही, तो नर,” सासरे खुर्चीतूनच म्हणाले. “त्याच्या पोटात ब्रश फिरव. मग मागे काकडी आहे त्या फुलात फिरव. हळू. घड्याळातलं केसाएवढं चक्र आहे असं समज.”

तिनं ब्रश फिरवला. ती काकडी गळली नाही.

मग त्या एका काकडीचे असे काही लाड झाले की घरात कुणा लेकराचे झाले नसतील. संध्याकाळी वेलाला जुनी चादर, सकाळी ऊन पडलं की चादर बाजूला. भुरी आलेली पानं सासरे कात्रीनं काढत, पाणी ती घाले. काकडी वाढली, आणि वाढता वाढता अशी वळली की छत्रीची मूठच.

“बाबा, आमच्याकडे ही पहिल्या झटक्यात निळ्या क्रेटमध्ये गेली असती.”

सासरे हसले. त्या दिवसापासून प्रथमच हसले. “तुझी सासू म्हणायची, सरळ वागणाऱ्यांनी वाकड्यांना नावं ठेवू नयेत, त्यांच्याशी संसार करून बघावा. माझ्याबद्दल म्हणायची.”

काकडी फिकट झाली, पिवळी झाली, सालीला भेगा पडल्या. वेल वाळला तेव्हा सासऱ्यांनी सुरी तिच्या हातात दिली. तिनं काकडी उभी चिरली आणि तिचा चेहरा पडला. मुठीकडचा अर्धा भाग रिकामा, नुसती पांढरी टरफलं. ब्रश तिथवर पुरला नव्हता बहुधा. उरलेल्या भागातला गर तिनं वाटीभर पाण्यात सोडला आणि दोघं वाट बघू लागले. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं.

आधी सगळंच वर तरंगत राहिलं. नवरा काही बोलायला आला आणि दोघांचे चेहरे बघून परत गेला. गर आंबून सुटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या सकाळी तिनं वाटी हलवली. वरचा फेस बाजूला झाला आणि तळाशी बी बसलेलं दिसलं, लहान मुलाच्या मुठीएवढं. सासऱ्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून एकेक दाणा पाहिला.

“भरलंय,” ते म्हणाले, आणि भिंग डोळ्यावरून लवकर काढेनात.

बी फडक्यावर सावलीत वाळत होतं तेव्हा शेजारच्या मास्तरीणबाई दारात आल्या. “घड्याळजी, यंदा मला पुन्हा थोडं द्या हं तुमच्या हिच्या काकडीचं बी.”

“माझ्याकडे कुठलं?” सासरे पेपरातून मान न काढता म्हणाले. “माझं सगळं संपलं. हे सुनेचं आहे. तिच्याकडे मागा, दिलं तर दिलं.”

शेडमध्ये साहेबांनी पाहुण्यांपुढे केलेलं सगळं कौतुक एका पारड्यात घातलं असतं तरी ते या वाक्यापुढे हलकं भरलं असतं. मोजपट्टीचा ऊर भरून आला. तिनं ते लपवलंही नाही. पदराला हात पुसत ती ऐटीत पुढे आली आणि मोजून दहा दाणे कागदात बांधले.

“देते बाई. पण एक अट आहे. वेलावरची पहिली दणकट काकडी खायची नाही. कितीही आवडली तरी तोडायची नाही. तिला तिथंच म्हातारी होऊ द्यायची, आणि त्यातलं थोडं बी मला आणून द्यायचं.”

“आणि ती वाकडी निघाली तर?” मास्तरीणबाईंनी विचारलं. “तू तर वाकडी टाकणारी.”

“शेडमध्ये,” ती म्हणाली. “इथं मी बी धरणारी आहे.”