बसक्या गाडीसाठी जॅक

आमची स्पोर्ट्स कार रोज थोडी खाली बसते, आणि माझी पत्नी शालन तिच्यात आहे. नव्या गाडीच्या पूजेच्या दिवशी शालन आत बसली होती आणि चाकांखाली लिंबे ठेवली होती. ती फुटली नाहीत. गाडीच खाली गेली. तेव्हापासून पार्किंगच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांना दारे अडतात. काचेच्या फटीतून मी शालनला भाकरी देतो. पूर्वी ती बसून खात असे. छप्पर डोक्यापर्यंत उतरल्यापासून कलून खाते.

सोसायटीच्या सभेने ठराव केला की, गाडीचे पोट जमिनीला टेकले की तिला फरशी धरावे आणि तिच्यावरून पिवळे पट्टे मारावेत. अध्यक्ष बिरनाळे रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले.

"या वयात असली गाडी घेतलीत कशाला, मगदूम?" त्यांनी विचारले.

"वय झालं म्हणूनच परवडली," शालन आतून म्हणाली.

जॅक निवडताना गाडीचे वजन नंतर पाहावे, आधी तिच्याखालची फट मोजावी, असे आम्हांला पॉलिटेक्निकात शिकवले होते. मी फट मोजली आणि स्क्रू जॅक आणला. घरी पोहोचेपर्यंत फट कमी झाली होती. बॉटल जॅक आडवा करूनही आत गेला नाही. चपट्या तोंडाचा ट्रॉली जॅक अर्धा गेला आणि अडकला. बिरनाळ्यांनी डब्याचे झाकण सैल केले. दार कापून काढा, असे त्यांनी सुचवले. सुस्थितीतले दार मी कापत नाही, असे मी त्यांना सांगितले.

चूक पद्धतीत होती. मी आजच्या फटीचा जॅक घेत होतो; घ्यायला हवा होता उद्याच्या फटीचा. दुकानदाराला तसे सांगितल्यावर त्याने काही न विचारता उद्याच्या मालातून एक काढून दिला. तो ताटाएवढा चपटा होता आणि त्याचा दांडा माझ्या उंचीचा होता.

गाडीच्या पोटाखालच्या पुढच्या आडव्या दांडीच्या मधोमध मी जॅकचे तोंड आणले. पत्रा चेपू नये म्हणून मध्ये रबराचा तुकडा ठेवला. मागच्या चाकांना ओंडके लावले, जॅकचा व्हॉल्व्ह आवळला आणि दांडा दाबला.

गाडी तसूभरही वर गेली नाही. फरशी खाली गेली.

जॅकमध्ये दोष नव्हता. गाडी आणि जमीन यांत अंतर पाडणे हे त्याचे काम, आणि ते तो करत होता. मी दाबत राहिलो. कठडे उतरले, इमारत उतरली, तळमजल्याच्या खिडक्यांपुढे माती आली. बिरनाळे खुर्चीसकट माझ्याबरोबर उतरत होते.

"व्हॉल्व्ह सोडा," ते म्हणाले.

"सोडला तर दार पुन्हा अडेल."

"अहो, तुम्हीही खाली चालला आहात."

ते खरे होते. गाडी माझ्या खांद्याशी आली होती. तेवढ्यात दार उघडले. मी शालनला उतरण्यास सांगितले आणि आधारासाठी हात पुढे केला. तिने पाय बाहेर काढले, पण उतरली नाही. इतके दिवस मान वाकवून बसले आहे, ती म्हणाली. आता वाकून उतरणार नाही.

"अजून दाबा, अहो."

मी दाबले. जॅकचा हात लांबत गेला. पार्किंगच्या चारी बाजूंना मातीच्या भिंती चढल्या आणि वरचा उजेड परातीएवढा उरला. बिरनाळ्यांनी ब्रश फेकून दोन्ही हातांनी माझा दंड धरला. त्यांच्यासकट मी दाबत राहिलो. वर शालन दाराच्या चौकटीला धरून ताठ उभी राहिली. तिने पाय पुढे टाकला तेव्हा तिची चप्पल सुटली.

ती चप्पल खाली माझ्याकडे येताना मला दिसत होती. मी पुन्हा दांडा दाबला, पुन्हा दाबला. चप्पल अजून माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती.